मोकळी रेघ

दगडाला सकाळची खबर देणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. मी पाथरवट. सारा जन्म दगडात गेला, पण आज मेसमध्ये वांगं आहे हे मी कधी दगडाला सांगितलं नाही. जमादारसाहेब सांगायचे. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला बूट काढून स्मारकासमोर उभे राहायचे, कडक सलाम ठोकायचे आणि मेलेल्यांची हजेरी घ्यायचे. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं आणि प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचं. का, तर जबाब द्यायला वेळ नको का? हजेरी झाली की खबर. "पाऊस न्हाई. इहिरीला पानी हातभर. मेसमदी वांगं हाय. बाकी ठीक." परत सलाम. मग बूट.

पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवून हसलो. त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "पाथरवट, दात मोजू का पाडू?" मग मी हसलो नाही. निदान त्यांच्या समोर नाही.

हे बाहत्तरच्या दुष्काळातलं. आमच्याकडे तेव्हा सगळं गाव खडी फोडायला जायचं. मीही जायचो. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण आजा-पणजापासून घरात दगड, त्यामुळं अक्षरं कोरायला यायची. खडीच्या कामावरच्या मुकादमानं ते कुणाला तरी सांगितलं, आणि मला नगरच्या लष्करी भागातून बोलावणं आलं. तिथं साहेबांची एक शाळा होती. नुसत्या आपल्या साहेबांची नाही, देशोदेशींचे साहेब यायचे. काळे, गोरे, पिवळे, फेटेवाले, दाढीवाले. मी एकदा तिथल्या मेजरसाहेबांना विचारलं, की हे एवढे मोठे लोक शिकतात तरी काय? मेजरसाहेब पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ. म्हणाले, "लढाई कशी टाळायची ते शिकतात. आणि नाही टळली तर कशी करायची, तेही."

त्या शाळेच्या आवारात एका कोपऱ्याला मेलेल्यांची जागा होती. जुन्या लढायांतल्या नावांचा एक दगड, त्याच्या बाजूला वस्तूंची खोली, पुढं झाडं, आणि लिंबाखाली एक सिमेंटचा बाक. आदल्या वर्षीच्या लढाईत त्या शाळेतले जे गेले त्यांच्यासाठी नवा काळा दगड उभा केला होता, त्याच्यावर मला नावं कोरायची होती. आणि ह्या सगळ्या जागेचे राखणदार जमादारसाहेब. पेन्शनीत आलेले, साठीच्या घरातले, उभ्या बांबूसारखे. त्यांचा हुद्दा सरकारनं कधीच बंद करून त्याला दुसरं नाव दिलं होतं. ह्यांना पटलं नाही. "मी जमादार म्हनून घरी आलो, जमादारच मरनार. सरकारला काय, उद्या बापाचं बी नाव बदलील."

ते त्या आवारात कधी बसायचे नाहीत. चहासुद्धा उभ्यानं, बशीत ओतून. मी म्हणालो, बाक आहे की. तर म्हणाले, "ह्यास्नी बसता येतंय का?" आणि दगडाकडं हनुवटी केली.

बाक घरच्यांचा, असा त्यांचा नियम. मेलेल्याचे आईबाप, बायको, भाऊ, पोरं. बाकी कुणी टेकायचं नाही, मग तो कर्नल असो नाहीतर जर्नेल. एकदा आफ्रिकेतले एक साहेब, ताडासारखे उंच, तिथं बसून सिगरेट ओढत होते. जमादारसाहेब जाऊन समोर उभे राहिले. "ओन्ली फॅमिली, साब." एवढंच इंग्रजी. साहेब उठले, सिगरेट विझवली, आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. मेजरसाहेब तिथंच होते, त्यांनी सांगितलं, की ह्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या देशातल्या भांडणात मेला, आणि तिकडं त्याच्या नावाचा दगडच नाही. जमादारसाहेबांनी खांद्यावरचा पंचा काढला, बाक पुसला आणि चक्क मराठीत म्हणाले, "बसा. तुमी घरचेच." मग तो साहेब दर रविवारी येऊन बसायचा. हे शेजारी उभे. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. तासभर गप्प राहायचे आणि मग हात मिळवून जायचे.

वस्तूंच्या खोलीत एका मेलेल्या साहेबाचं मनगटी घड्याळ होतं. त्याला हे रोज चावी द्यायचे. घरचे आले आणि घड्याळ बंद दिसलं तर वाईट दिसतं, म्हणायचे.

झाडांचा तर तमाशाच होता. परदेशी साहेबांची तुकडी शिकून निघाली की प्रत्येक देशाचं एक झाड लावून जायची, बुंध्याशी देशाची पाटी. त्यातले दोन देश एकमेकांच्या जिवावर उठलेले, त्यांची झाडं नेमकी शेजारी. दोघांचे साहेब तक्रार घेऊन आले की आमचं झाड लांब लावा. जमादारसाहेबांनी काय करावं? दोन्ही झाडांना पाण्याचा एकच दांड काढला. "भांडायचं तर वर भांडा म्हनावं. पानी खाली एकच हाय." त्या वर्षी टँकरचं पाणी यायचं. सगळ्या देशांना एकेक बादली, कमी नाही जास्त नाही. आणि स्वतःच्या आंघोळीची बादली ते आलटून पालटून त्या दोघांना घालायचे. अंगाला वास यायचा त्यांच्या. तसं मी तोंडावर सांगितलं. म्हणाले, "दोन देस जगत्यात माज्या वासावर."

आता मुद्द्याचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हा माणूस खोटं बोलायचा नाही. येत नसल्यासारखं. एकदा कोणी मोठे साहेब तपासणीला आले. दुष्काळात स्मारकापुढं हिरवंगार गवत बघून खूश झाले. म्हणाले, "जमादारसाब, ये घास आपने कैसे बचाई?" बाकीचे अधिकारी इकडंतिकडं बघायला लागले. हे ताठ उभे. "बचाई नहीं साब. कल लाके बिछाई. परसों सूख जाएगी."

मेजरसाहेबांचा चेहरा वाळल्या गवतासारखा झाला.

तर, नव्या दगडासाठी मला जो कागद दिला होता त्यावर अकरा नावं होती. जमादारसाहेब सकाळच्या हजेरीत नवी नावं त्याच कागदावरनं वाचायचे. मी चार दिवस मोजलं. वाचायचे दहाच. शेवटचं नाव खाऊन टाकायचे. मला वाटलं नजर कमी झाली. सांगायला गेलो तर म्हणाले, "तू कोर. मोजायला मी हाय."

ते अकरावं नाव आमच्याच जिल्ह्यातल्या, पारनेरकडच्या एका दफेदाराचं. शाळेत रणगाडा चालवायला शिकवायचा, लढाई लागली तसा सरहद्दीवर गेला. त्याचा रणगाडा जळताना दोघांनी पाहिला होता. अंग सापडलं नाही. सहा महिने बेपत्ता, मग वरनं कागद आला की मेला असं धरावं. मी त्याचं नाव इथं लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

त्याची बायको दर आठवड्याला पारनेरहून एस.टी.नं यायची. विशी-बाविशीची, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. येऊन बाकावर बसायची. संगतीला सासरा. म्हातारा वाईट नव्हता, पण थकला होता. माझ्याजवळ येऊन बसायचा आणि छिन्नीकडं बघत राहायचा. एक दिवस म्हणाला, "गड्या, आमचं नाव कदी घेतूस? गावात कुनी म्हनतं जिता हाय, कुनी म्हनतं गेला. धड रडता बी येईना. एकदाचं दगडावर नाव आलं, की मी सुटलो. दहावं-तेरावं उरकतो, आन् हिचं काय ते बघतो."

हिचं काय ते म्हणजे काय, हे सांगायला नको. तिनं ऐकलं. मान फिरवली नाही की काही नाही. फक्त हातातल्या बांगड्या मागं सारल्या, दंडाकडं, गच्च.

माझी बायको दुपारी मला भाकरी घेऊन यायची. तिला तेव्हा सातवा महिना. ती त्या बाईजवळ बाकापाशी जमिनीवर बसायची, बाकावर नाही, नियम तिलाही माहीत होता. दोघी काय बोलायच्या देव जाणे. एक दिवस घरी जाताना वाटेत मला म्हणाली, "अवो, तिचं नाव नका कोरू."

"तिचं कुठं? तिच्या नवऱ्याचं हाय."

"एकच की."

"कागदावर हाय. मी काय करू?"

"कागदावर हाय तर कागदाला कोरू द्या. तुमची छिन्नी कशाला?"

मी तिला गप बस म्हणालो. मला काम पाहिजे होतं.

जमादारसाहेब ते नाव पुढं ढकलत राहिले. हे नाव शेवटाला घे. आज नको, आज अमावस्या. आज छिन्नीला धार नाही, लोहाराकडं जाऊन ये. खोटं त्यातलं एकही नव्हतं. अमावस्या खरीच होती आणि छिन्नीही बोथटच होती. पण दसऱ्याला स्मारकाचं उद्घाटन ठरलेलं, आणि दसरा चार दिवसांवर आला. दहा नावं झाली. आणि नेमकी त्या दिवशी जमादारसाहेबांची दाढ उठली. गाल टमाट्यासारखा. मेजरसाहेबांनी त्यांना जबरदस्तीनं दवाखान्यात धाडलं आणि मला म्हणाले, "उद्या पाहणी आहे. आज संध्याकाळच्या आत शेवटचं नाव झालं पाहिजे."

आमची कोरायची रीत अशी. आधी गेरूनं अक्षरं आखायची. मग वरची रेघ छिन्नीनं मारून घ्यायची, नावाच्या लांबीची. मग तिला खाली एकेक अक्षर लटकवत जायचं, दोरीवर धुणं वाळत घालावं तसं. आणि माझा बाप सांगायचा, की रेघ मारली त्याच दिवशी नाव पुरं करायचं. मोकळी ठेवायची नाही. मोकळी रेघ माणूस मागते.

मी रेघ मारली. हातभर लांब, सुतासारखी सरळ. आजवर मारलेल्या रेघांत सगळ्यात चांगली ती.

पहिल्या अक्षराला छिन्नी लावणार, तेवढ्यात मागून धाडधाड आवाज आला. जमादारसाहेब पळत येत होते. तोंडात कापसाचा बोळा, हनुवटीवर रक्त, आणि पायात बूट. स्मारकापुढं बूट घालून आलेले मी त्यांना त्या एकाच दिवशी पाहिलं. त्यांनी माझं मनगट असं धरलं की हातोडी खाली पडली. बोलायला गेले तर नुसतं भूं-भूं. मग बोळा थुंकला.

"कुनी सांगितलं?"

"मेजरसाहेबांनी."

"आन् तू मारली?"

"रेघच मारलीय."

ते रेघेकडं बघत राहिले. मलाही रडू यायचं बाकी होतं. मी म्हणालो, "आता पुरं करू द्या. बाप म्हनायचा मोकळी रेघ मानूस मागती. माज्या घरी आठवा म्हयना चाललाय, जमादारसाहेब."

"मागू दे," ते म्हणाले. "माज्याकडं धाडून दे त्या रेघंला. मी एकदा मेलेलाच हाय."

मला वाटलं दाढ काढताना दिलेल्या सुईची गुंगी आहे. तेवढ्यात मेजरसाहेब आलेच. रेघ पाहिली, खाली मोकळा दगड पाहिला. "काय झालं? थांबलात का?"

जमादारसाहेब ताठ झाले. रक्त गिळलं आणि म्हणाले, "साहेब, दगडाला शीर हाय. हितं. अक्षर कोरलं तर फुटंल, वरच्या दहा नावांसकट."

 दगड लोखंडासारखा एकजीव होता. मी स्वतः ठोकून, पाणी मारून निवडलेला. शीर नव्हती, केसाएवढीही नाही. मेजरसाहेब वाकून बघायला लागले. त्यांना काही दिसेना. दिसणार काय? मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे? तू दगडातला माणूस. आहे शीर?"

मला माझं काम दिसलं, घरातलं आठव्या महिन्याचं पोट दिसलं, बापाची मोकळी रेघ दिसली. आणि त्या बाईनं दंडाकडं सारलेल्या बांगड्या दिसल्या. बायकोचं बोलणं कानात होतंच. मी म्हणालो, "हाय साहेब. खोलवर हाय."

मेजरसाहेब सरळ झाले. "ठीक आहे. सध्या दहाच. ह्या नावासाठी दुसरा दगड मागवू. त्याला वेळ लागेल." आणि गेले.

ते गेल्यावर जमादारसाहेबांनी बूट काढले, बाहेर नेऊन ठेवले, परत आले. मग उभ्या उभ्याच मला सांगितलं. तीस वर्षांपूर्वी, मोठ्या लढाईत, ते आफ्रिकेच्या वाळवंटात दुश्मनाच्या हाती लागले होते. तिकडं बंदीत तीन वर्षं. इकडं घरी कागद आला की मेला असं धरावं. घरच्यांनी धरलं. तेरावं केलं, बायकोचं कुंकू पुसलं. मग एक दिवस हे नगरच्या स्टेशनावर उतरून चालत घरी गेले.

"सगळं गाव नाचलं," ते म्हणाले. "आईनं दही-भात उतरून टाकला. पन ती काय परत कुंकू लावंना. म्हनायची, एकदा पुसलं ते पुसलं. आता लावलं आन् तुमाला खरंच काय झालं तर? मी म्हनलं अगं मी हितं हाय, जेवतोय तुज्यापुडं. न्हाईच ऐकलं. सात वर्सं माज्याशी संसार केला, रांडावलेल्या कपाळानं. तशीच गेली."

मग खबर दिल्यासारखं म्हणाले, "बाकी ठीक."

दसऱ्याला उद्घाटन झालं. आपट्याची पानं, बँड, देशोदेशींचे साहेब कडक कपड्यांत. दगडावरचं कापड सरकलं. दफेदाराचा म्हातारा बाप पुढं होता. त्यानं बोट लावून नावं मोजली. अक्षरओळख नव्हती त्याला, पण ओळी मोजता येत होत्या, आणि अकरा पाहिजेत हे ठाऊक होतं. दहा. खाली एक रेघ. वळून जमादारसाहेबांचा हात धरला आणि सगळ्यांच्या समोर ओरडला, "माज्या लेकाचं कुठंय? का रं? गरिबाचं पोरगं म्हनून? त्याचं मरान बी तुमाला खरं वाटंना व्हय?"

बँड थांबला. जमादारसाहेब म्हणाले, "न्हाई वाटत."

"आन् न्हाईच आला तर?"

"तर मी सवता कोरीन. छिन्नी धरता येत न्हाई, तरी कोरीन. तवर तिच्या कपाळाला हात लावायचा न्हाई, दादा. माजी आन हाय."

म्हातारा बाकावर बसला आणि तोंड पागोट्यात घालून रडला. नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा धड रडला असावा. सून शेजारी बसून त्याच्या पाठीवरनं हात फिरवत होती.

मग मी परत खडीवर गेलो. पण मन थाऱ्यावर नव्हतं. कार्तिकात बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा दारात बसून मला ती रेघच दिसत होती. पोरगा झाला. दोघं सुखरूप. मी दुसऱ्या दिवशी पायी नगरला गेलो आणि जमादारसाहेबांना गूळ दिला. ते म्हणाले, "बग. रेघंला माजा पत्ता घावला न्हाई अजून."

थंडी पडायला लागली तेव्हा बातमी आली, की पाकिस्ताननं आपले कैदी सोडले. चार दिवसांनी सकाळी साडेपाचलाच एक शिपाई सायकलवर माझ्या दारात हजर. जमादारसाहेबांनी बोलावलंय, आत्ता. मला वाटलं नाव कोरायला. छिन्नी-हातोडी घेऊनच गेलो.

सहाचा ठोका पडला. बूट बाहेर. सलाम. जुन्या दगडाची हजेरी, मग नव्याची. दहा नावं, दहा श्वास. मग खबर. आवाज नेहमीचाच.

"पाऊस न्हाई. पानी टँकरचं. मेसमदी आलू हाय. एक जन परत आलाय. तुमच्यात न्हाई. बाकी ठीक."

सलाम ठोकला तो हात बराच वेळ खाली येईना.

दफेदार स्वतः पंधरा दिवसांनी आला. काडीसारखा, एका कानाची पाळी जळालेली, पाय ओढत. संगती बाप आणि बायको. तिच्या कपाळावरचं कुंकू आता रुपयाएवढं नव्हतं, चांगलं अख्ख्या नारळाएवढं वाटत होतं मला. तो दगडासमोर गेला. दहा नावांना सलाम केला, त्यातले चार त्याच्या रणगाड्यांच्या तुकडीतले. मग खाली वाकला, माझ्या रेघेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, "जमादारसाहेब, एवढाच मेलो व्हय मी?"

"एवढाच."

"दोरी बांदलीया झ्याक. धुनं कुठाय?"

आणि जमादारसाहेब हसले. आवाज काढून, डोक्यावर हात मारून. काढलेल्या दाढेची खिंड दिसत होती. त्यांना दात दाखवून हसताना आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बापानं वाढवायला नारळ काढला तर लगेच गंभीर झाले. "दगडावर न्हाई. तिकडं, झाडांत." नारळ मग त्या दोन भांडकुदळ देशांच्या मध्ये वाढवला. पाणी दोघांना.

त्याच दुपारी मला हाताला धरून ते मेजरसाहेबांच्या कचेरीत गेले. "साहेब, शीर नव्हती. मी खोटं बोललो. ह्याला बी बोलाय लावलं. शिक्षा द्या."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं, जमादारसाहेब. दगडाला शीर असती तर तुम्ही ती महिनाभर आधी सांगितली असती. गवताचं सांगितलंत तसं."

"मंग तवाच का न्हाई बोललासा?"

"तुम्ही जन्मात एकदा खोटं बोललात. म्हटलं, कारण असेल."

जमादारसाहेब हलेनात. शिक्षा पाहिजेच. शेवटी मेजरसाहेब वैतागून म्हणाले, "बरं. शिक्षा म्हणजे, उद्यापासून सकाळचा चहा त्या बाकावर बसून प्यायचा. हुकूम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बघायला. बाकाच्या कडेला टेकले, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखे. अर्धी बशी सांडली. पण हुकूम तो हुकूम. मग रोज बसायला लागले, आणि पुढं पुढं पाठ टेकून बसायला लागले. दुसरा दगड काही मागवला नाही. रेघ तशीच राहिली. नवीन साहेब लोक विचारायचे की ही खाली मोकळी रेघ कशाची, तर हे सांगायचे, "परत आलेल्याची. अशी एक तरी पायजे दगडावर."

जमादारसाहेब पुष्कळ वर्षांनी गेले, म्हातारपणानं, झोपेत. शेवटी भेटलो तेव्हा मला बजावलं होतं, "माजं नाव कुठं कोरू नगं. मी मागंच मेलो, ते पुरं झालं. आन् एक ध्यानात ठिव. जित्याचं नाव कोरायचं न्हाई, आन् मेलेल्याचं अर्दं ठेवायचं न्हाई. दोनी पाप."

पहिलं मला पटलं होतं. दुसरं कळायला फार दिवस लागले.

माझी बायको गेली त्याला आता दहावा महिना. लांबवत नाही, गेली. पोरानं, त्याच दुष्काळातल्या पोरानं, मळ्यात लिंबाखाली ओटा बांधला आणि दगड आणून लावला. म्हणाला, दादा, आईचं नाव तुम्हीच कोरा. मी गेरूनं आखलं. रेघ मारली. हात थरथरतो आता, तरी सरळ आली. आणि थांबलो. पोराला सांगितलं, दगडाला शीर आहे. तो बिचारा दुसरा दगड बघतो म्हणाला. मी म्हणालो, राहू दे, घाई काय आहे. सात महिने रेघ मोकळी होती. मी रोज जाऊन बघून यायचो. काय बघत होतो, कशाची वाट, मला विचारू नका.

मागल्या सोमवारी सकाळी पारनेरकडची दोघं भेटायला आली. तो आता ऐंशीच्या पुढं, दोन काठ्या. ती वाकली आहे पण खणखणीत. ओट्यावर बसली, दगड पाहिला. पोरगा म्हणाला की शीर आहे म्हणून दादा थांबलेत. दोघा नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं.  मग तिनं माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "खरंच शीर हाय, दादा? का जमादारसायबावानी?"

मी रेघेवरची धूळ पुसत राहिलो.

"माज्या येळंला तुमी थांबलात," ती म्हणाली. "तुमच्यामुळं हे कुंकू हाय. माजा मानूस यायचा हुता, म्हनून थांबलात. आता कोन यायचंय?"

तिनं असं विचारलं आणि छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं मला. वाईट वाटलं नाही. खरंच नाही. मी म्हणालो, "न्हाई. शीर न्हाई." आणि पोराला छिन्नी-हातोडी आणायला धाडलं.

दुपारपर्यंत नाव पुरं केलं. एकेक अक्षर लटकवत गेलो. पारनेरकर छत्री धरून उन्हात उभा होता माझ्या डोक्यावर, बस म्हटलं तरी बसला नाही. झाल्यावर मी दगड पुसला आणि वहाणा काढून समोर उभा राहिलो. पन्नास वर्षं संसार केला, पण तिला मी कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, नाहीतर ऐकलं का. आमच्यात तशीच रीत. त्या दिवशी मोठ्यानं वाचलं.

"हौसाबाई."

एक श्वास थांबलो. मग ओट्यावर लिंबाला पाठ टेकून बसलो आणि सुनेला म्हणालो, चहा टाक.